फौजींच्या आठवणी रेकॉर्ड करताना: कामाच्या नोंदी

22 सप्टेंबर 2024

गणपती उठले, आता कामाला सुरुवात.

आमच्या चावडीच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे. सातारा जिल्ह्यात अशा पाट्या बऱ्याच गावांत सापडतील. या गावातून इतके लोक 1914-1919 च्या लढाईला गेले, पैकी इतके कामी आले, एवढंच त्यावर इंग्रजीत कोरलेलं. अपशिंगे मिलिटरीचे 46 जण त्या लढाईत कामी आले आणि गावाच्या नावातच फौज राहिली. आमच्या पाटीवरच्या आकड्यात कोण कोण होतं, हे आज गावात एकालाही सांगता येत नाही.

1965 आणि 1971 ला लढलेले मात्र अजून आहेत. त्यातला सगळ्यात तरुण माणूसही सत्तरी ओलांडून गेलाय. त्यांचं, आणि ज्यांचे नवरे परत आले नाहीत त्या बायकांचं बोलणं त्यांच्याच आवाजात उतरवून ठेवायचं, असं वाचनालयाच्या मीटिंगमध्ये ठरलं. काम माझ्या गळ्यात पडलं, कारण वाचनालयाच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. जोडीला पुतण्या. तो कॉलेजला आहे आणि मशीनचं त्याला कळतं.

आतापर्यंतचा खर्च: वायरलेस कॉलर माईकची जोडी 2,300, एक टीबीची हार्ड डिस्क 4,600, संमतीपत्रांच्या झेरॉक्स 120. रेकॉर्डिंग मोबाईलवरच. वेगळा रेकॉर्डर घ्यायचा विचार होता, पण पैसे नव्हते, आणि आता वाटतं की गरजही नव्हती.

संमतीपत्र साध्या मराठीत एका पानाचं केलंय. आवाज कुठे ठेवणार, कोण ऐकणार, नंतर मन बदललं तर काय, एवढंच. पहिला मसुदा एका वकिलाकडून करून घेतला होता. तो वाचून एक आजोबा म्हणाले, "जमीन लिहून घेताय व्हय?" तो मसुदा रद्दीत गेला.

29 सप्टेंबर

पहिले तात्या. वय 78, पहिली मराठा म्हणजे जंगी पलटण, 1971 ला पूर्वेकडे. गावात बोलायला सगळ्यात मोकळा माणूस, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून.

गोष्ट फर्मास सांगितली. पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला वेढा पडलेला. आपले ब्रिगेडियर क्लेर यांनी पलीकडच्या, पाकिस्तानच्या 31 बलुच पलटणीच्या कर्नल सुलतान अहमदला शरण येण्याची चिठ्ठी पाठवली. चिठ्ठी घेऊन गेला मुक्तिवाहिनीचा एक म्हातारा शेतकरी. उलट टपाली उत्तर आलं ते बंदुकीच्या गोळीवर गुंडाळून. तारीख 9 डिसेंबर. मग पुढच्या रात्री ते फोडून निघाले आणि मराठ्यांनी अडवलेल्या रस्त्यावर येऊन धडकले. शेवटी ढाका, 16 डिसेंबर, 93,000 युद्धकैदी. मुठी आवळून, गोळी चिमटीत धरल्यासारखी दाखवून.

रेकॉर्डिंग सुरेख झालं. घरी येऊन ऐकलं तेव्हा लक्षात आलं, हे सगळं मी आधी ऐकलंय. दर 15 ऑगस्टला शाळेत तात्या हेच बोलतात, ह्याच शब्दांत, ह्याच जागी थांबून. प्रसंग खरा आहे, छापलेला आहे. पण चिठ्ठी आली तेव्हा शिपाई असलेले तात्या ब्रिगेडियरच्या तंबूत नव्हते. ती सगळ्या पलटणीची गोष्ट. तात्यांची स्वतःची गोष्ट त्यात कुठेच नव्हती.

तांत्रिक नोंद: शर्टाच्या खिशात तंबाखूची चंची असेल तर माईक खिशाच्या वर लावू नका. अख्खा तासभर खसखस. आता तिसऱ्या बटणाला लावतो.

6 ऑक्टोबर

प्रश्नावली फेकून दिली. चांगली दोन पानं होती: भरती कधी, ट्रेनिंग कुठं, कुठल्या लढाईत, काय पाहिलं, काय वाटलं.

"कुठल्या साली?" असं विचारलं की म्हातारा माणूस नातवाकडे बघतो. नातू मोबाईल काढतो. पुढची वीस मिनिटं नातू बोलतो आणि आजोबा मान डोलावतात. "काय वाटलं?" ह्याला तर एकच उत्तर ठरलेलं: "वाटायचंय काय? हुकूम हुता."

साल आणि मोर्चा कळायला प्रश्न लागतच नाही. पदकं बघायची. पेटीतून काढायला सांगितली की आनंदानं काढतात. पूर्वी स्टार असेल तर 1971 ला पूर्वेकडे, पश्चिमी स्टार असेल तर पश्चिम सीमेवर. समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल म्हणजे 1965. संग्राम मेडल 1971 चं, पण ते प्रत्यक्ष आघाडीवर नसलेल्यांनाही मिळालंय, त्यावरून फार काही ठरवू नका. बाकीचं डिस्चार्ज बुकात असतं. त्याचे फोटो आधी काढून घ्यायचे, म्हणजे तारखा आपल्याकडे तयार राहतात आणि बोलणाऱ्याची परीक्षा होत नाही.

आता मी वस्तूंपासून सुरुवात करते. "ही पेटी कुठली?" "हा मग तोच का?" जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, पिचका मग हातात आला की बोट त्याच्या कडेवरून फिरायला लागतं आणि बोलणं आपोआप सुरू होतं. लंगरचा चहा, पुऱ्या, थंडी, पायाला आलेले फोड. लढाई मागून येते, कधी येतही नाही.

13 ऑक्टोबर

आज एका नाईकांचं केलं. ते 1972-73 मध्ये युद्धकैद्यांच्या कॅम्पवर पहाऱ्याला होते. तीन तास हसवलं. कैद्यांबरोबर व्हॉलीबॉल, पत्त्यांवरून भांडणं, एकाला मराठी शिव्या शिकवल्या त्याची कथा. झोप शांत, चेहरा शांत. सगळेच काही दबून जगत नसतात, हे लिहून ठेवते. नाहीतर आपण प्रत्येकाच्या डोळ्यांत काहीतरी शोधत बसतो.

20 ऑक्टोबर

तात्यांकडे परत गेले. आज रेकॉर्डिंग ठरलेलं नव्हतं, डिस्चार्ज बुकाचे फोटो काढायचे राहिले होते. अंगणात भुईमुगाच्या शेंगा तोडायचं काम चाललेलं, मीही बसले वेलांच्या ढिगाशी. सून म्हणाली, "बाई, ह्यांना जरा सांगा, काल देवळातनं पुन्हा अनवाणी आले." देवळाबाहेर चपला बदलल्या गेल्या होत्या. दुसऱ्या कुणाचा तसलाच जोड उरला होता, तो घालून यायचं सोडून तात्या डांबरी रस्त्यानं अनवाणी आले. असं नेहमी करतात म्हणे. घरात सगळे ह्याला हट्ट म्हणतात.

तात्या शेंगा तोडत राहिले. मग म्हणाले, "दुसऱ्याचं पायताण न्हाई घालायचं."

मी विचारलं रेकॉर्ड करू का. मान हलवली. मोबाईल वेलांवरच ठेवला, माईक नाही, काही नाही.

ब्रह्मपुत्रेकाठी नावेत चढताना त्यांचा उजवा बूट चिखलात रुतला तो निघालाच नाही. मागून लोक रेटत होते, अंधार, बोलायला मनाई. एका बुटावर पलीकडे गेले. भाताची खुंटं पायात घुसत होती. रस्ता अडवून बसले तिथं ती रात्र झाली. सकाळी उजाडल्यावर सुभेदारसाहेबांनी पाय बघितला आणि समोर बोट केलं. समोर पडलेला पोरगा. "माझ्याच वयाचा. कॅनव्हासचा बूट हुता. म्या नाडी सोडाय लागलो तर बोटं चालंनात, गारठलेली. मग दातानं सोडली." थोडा वेळ शेंगा. "त्याचा बूट मला बसला. बरोब्बर बसला. ढाक्यापतोर त्यो पायात."

सुनेच्या हातातला वेल तसाच राहिला होता. लग्न होऊन तीस वर्षं ती ह्या घरात आहे.

हे रेकॉर्डिंग कामाच्या दृष्टीनं वाईट आहे: कोंबड्या, शेंगांचा आवाज, लांबून ट्रॅक्टर. सगळ्या फाईलींत मोलाची हीच. पुतण्या म्हणाला, पुन्हा नीट घेऊया. मी नाही म्हणाले. दुसऱ्यांदा सांगितलं की तिची पण 15 ऑगस्टची गोष्ट होते.

27 ऑक्टोबर

आबा, वय 83. 1965 ला पंजाबच्या सरहद्दीवर. डावा कान तेव्हापासून गेलेला. उजव्या बाजूला बसून, सावकाश आणि खालच्या पट्टीत बोलायचं. ओरडलं की त्यांना आणखी कळत नाही.

दिवसभर शेतात असतात म्हणून संध्याकाळची वेळ घेतली. तोफांच्या माऱ्याबद्दल बोलले. खंदकात बसून मोजायचे, कुठला गोळा पुढे पडणार, कुठला मागे, आवाजावरून कळायचं. शेजारच्या खंदकातला कोल्हापूरकडचा गडी, त्याच्याशी ओरडून गप्पा चालायच्या. मग एकदा त्यानं उत्तर दिलं नाही. तिथं आबा थांबले, दिवेलागण झाली, आम्ही आवरून उठलो.

28 ऑक्टोबर

सकाळी सहाला आबांच्या सुनेचा फोन. रात्रभर झोपले नाहीत. दोनच्या सुमाराला उठून अंगणात उभे, कुणाला तरी हाका मारत होते. नाव घरात कुणाचंच नाही. रागावली नव्हती बिचारी, घाबरली होती.

आज वसुबारस. उद्यापासून गावात सुतळी बॉम्ब सुरू होतील, हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. बाकी सगळ्याची यादी केली होती.

संध्याकाळी जाऊन आले. आबा विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत राहायला गेले होते. दर दिवाळीला जातात. पिकाला राखण लागते, असं सांगतात. दिवाळीच्या चार दिवसांत कुणाच्या पिकाला राखण लागते, हे घरात आजवर कुणी विचारलं नाही, आणि मला वाटतं बरंच केलं. मी फराळाचा डबा दिला. कालचा विषय काढला नाही. ते कांद्याच्या भावावर बोलले.

आता कामाची पद्धत बदलली, ती इथे लिहून ठेवते, कारण हे काम दुसऱ्या गावात कुणी करणार असेल तर माईकपेक्षा ह्याची गरज जास्त पडेल.

रेकॉर्डिंग सकाळीच. न्याहारी झाल्यावर, म्हणजे नंतर अख्खा दिवस हाताशी असतो, शेत असतं, माणसं असतात. संध्याकाळी उकरलेलं रात्री एकट्याला निस्तरावं लागतं. सगळ्यात जड जागेवर कधीही थांबायचं नाही. तिथून हळूहळू पुढे आणायचं: सुट्टी कधी मिळाली, एसटीतून उतरल्यावर पहिलं कोण भेटलं, घरी काय शिजलं होतं, बैल कुठले होते त्या वर्षी. बैलांपर्यंत आलं की माणूस घरी आलेला असतो. मग चहा, मग उठायचं. दुसऱ्या दिवशी जाऊन किंवा फोन करून चौकशी, आणि ती घरातल्या बाईकडे करायची. पुरुष "बरंय" म्हणतात.

दिवाळीत, लग्नसराईत आणि गावात मयत झाली असेल त्या आठवड्यात काम बंद.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराचे डॉक्टर कुठल्या वारी येतात ते विचारून ठेवलं. टेली-मानस ही मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, तिचा 14416 हा नंबर मराठीतही चालतो, मोफत आहे. तो संमतीपत्राच्या मागे छापून घेतला. आबांच्या सुनेनं त्यावर फोन केला. आबांनी नाही, करणारही नाहीत. पण रात्री ते उठले तर अंगाला हात लावून हलवायचं नाही, लांबूनच नाव घेऊन हाक मारायची, दिवा लावायचा, एवढं तिला कळलं आणि तिची भीती गेली.

17 नोव्हेंबर

विधानसभेच्या प्रचारानं सगळा महिना खाल्ला. प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये मागे कुठला ना कुठला उमेदवार आहे. पुतण्यानं आवाज साफ करणारं एक ॲप वापरून बघितलं. त्यानं उमेदवार काढला, पण आजोबांच्या बोलण्यातले सगळे उसासे आणि थांबेही काढून टाकले. ऐकायला बातम्या दिल्यासारखं. मूळ फाईलला हात लावायचा नाही असं ठरवलं, साफ केलेली प्रत वेगळी.

20 तारखेला मतदान झालं की सुटू म्हणावं, तर कारखाने सुरू झालेत. उसाच्या ट्रॉल्या आणि त्यावरची गाणी.

ह्या महिन्याचा एक फायदा: नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला सगळे पेन्शनर बँकेत येतात. बाकावर तासन् तास बसलेले असतात. आसपासच्या वाड्यांवरचे जे मला माहीतच नव्हते असे लोक तिथे भेटले. रेकॉर्डिंग तिथं करू नये, फक्त ओळख आणि घर कुठलं ते.

एका हवालदारांनी विचारलं, हे सगळं सांगायला परवानगी आहे का, नाहीतर पेन्शन बंद व्हायची. प्रश्न खोटा नाही, माणसं पन्नास वर्षं ह्या भीतीनं गप्प आहेत. मी सांगितलं की 25 वर्षांनी लढायांची कागदपत्रं सर्वसाधारणपणे खुली करायची, असं धोरण संरक्षण मंत्रालयानंच 2021 मध्ये ठरवलंय, आणि मला नकाशे किंवा हत्यारांची माहिती नकोच आहे. तरी ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात बघू." बरं म्हटलं.

30 नोव्हेंबर

लिहून काढण्याचं काम. एक तास आवाजाला सहा ते सात तास लागतात. मोबाईलमधल्या बोललेलं लिहून देणाऱ्या सोयीवर आशा होती. शहरी मराठी ती बरी ऐकते. आमच्याकडचं "हुतं", "म्होरं", त्यात फौजी हिंदी, त्यात दात नसलेलं तोंड, म्हणजे तिचं काम संपलं. "लांगरी" (फौजेतला स्वयंपाकी) चं तिनं "नांगरी" केलं आणि अख्खी कंपनी शेतीला लावली. हातानंच लिहितेय.

बोली आहे तशी ठेवली. एका शिक्षकमित्रानं "शुद्ध" करून देतो म्हणून एक प्रकरण नेलं. परत आलं तेव्हा आबा रेडिओवर भाषण देत होते.

गप्प बसण्याच्या जागा कंसात लिहिते: (थांबले), (बाहेर बघतात), (विडी पेटवली). त्या नसतील तर वाक्यं उगाच कठोर वाटतात.

8 डिसेंबर

काल ध्वजदिन झाला, शाळेत पोरांनी डबे फिरवले. आज काकींकडे. 1971 ला नवरा पश्चिम सीमेवर गेला तेव्हा त्या 19 वर्षांच्या, पोटुशी. मुलगा वडिलांना न पाहताच मोठा झाला.

सकाळचं गेलं वाया. घरात अकरा माणसं गोळा. मुलगा शेजारी बसून प्रत्येक वाक्य पुरं करत होता. "आईला अभिमान वाटला." काकी म्हणाल्या, "व्हय, अभिमान." "आई कधी रडली नाही." "न्हाई." मुलाचा राग येत नाही. त्याला वडिलांचं एवढंच मिळालंय, तो ते राखतोय. पण काकींच्या जागी तो बोलतोय.

निघताना काकी दारापर्यंत आल्या. "मंगळवारी हरभरा निवडायचाय. ये."

10 डिसेंबर

मागच्या पडवीत, दोघीच. सुपात हरभरा.

तारेबद्दल त्या स्वतःहून बोलल्या. पोस्टमन घरावरून एकदा गेला, थोड्या वेळानं परत आला आणि पुन्हा पुढे गेला. काकी ओट्यावर बसल्या होत्या. "म्या म्हनलं, आज ह्याला काय झालंय? घर इसरला काय?" तिसऱ्यांदा तो गुरुजींना घेऊन आला.

त्यानंतर दिराशी पाट लावायची बोलणी झाली. सासऱ्यांचं म्हणणं, घरचा पैसा घरात राहील, पोराला बाप मिळेल. काकींनी नकार दिला. कसा दिला हे सांगताना खूष होत्या. तीन दिवस चूल पेटवली नाही. चौथ्या दिवशी सासू म्हणाली, राहू दे तिला. दीर आजही शेजारच्या खोलीत राहतात, दोघांचं चांगलं जमतं. हे मुलाला ठाऊक आहे, पण त्याच्यासमोर बोलायचं नाही, असा घरातला अलिखित करार.

मग पलंगाखालची काळी ट्रंक ओढायला लावली. पलटणीनं काही महिन्यांनी सामान पाठवलं होतं ती. कपडे विरले, बाकी वस्तू वाटल्या गेल्या. तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कागद, सामानाची टाईप केलेली यादी, इंग्रजीत. काकींना वाचता येत नाही. मुलाला येतं, पण त्यानं कधी मागितली नाही आणि त्यांनी कधी दिली नाही. "बघ काय काय लिवलंय."

वाचून दाखवली. घोंगडी एक. मग एक. आरसा एक. दाढीचं सामान एक जोड. लोकरी मोजे दोन जोड. फोटो एक. पोस्टकार्डं कोरी, सहा.

"किती?"

"सहा."

काकी सूप खाली ठेवून हसायला लागल्या. "मला लिवायचा, कारड मिळत न्हाई म्हनून पत्र न्हाई टाकलं. गुरुजी वाचून दावायचे. सहा कारडं घेऊन बसलेला बघ लबाड!" आणि मग बराच वेळ त्या नवऱ्याला शिव्या देत होत्या. आळशी, लबाड, गोडबोल्या. दुसरा संबंध तास त्यातच गेला. त्याला पोहता येत नव्हतं. लग्नात उखाणा घेताना घाबरून नाव चुकीचं घेतलं. वांग्याचं भरीत आवडायचं नाही, तरी मागून खायचा, कारण आईला वाईट वाटेल.

रविवारी अकरा माणसांत ज्या वीर जवानाबद्दल ऐकलं, तो हा नव्हता. ह्या गड्याचा चेहरा डोळ्यांपुढे येतो.

दुसऱ्या दिवशी सुनेला फोन केला. म्हणाली, जेवल्या नीट, झोपल्याही. तेवढी यादी आता उशाखाली आहे.

16 डिसेंबर

विजय दिवस. शाळेत तात्यांचं भाषण. जमालपूर, चिठ्ठी, गोळी, मुठी आवळून, त्याच जागी थांबून. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी मागच्या रांगेत होते, आमची नजरानजर झाली, तात्यांनी भाषण चालू ठेवलं.

सुरुवातीला मला ही शाळेतली गोष्ट म्हणजे खऱ्यावरचं झाकण वाटत होती. आता तसं वाटत नाही. वर्षातून दोनदा गावासमोर उभं राहून सांगता येईल अशी एक गोष्ट त्यांच्याकडे आहे, म्हणून बुटाची गोष्ट पन्नास वर्षं सांभाळता आली. यादीत दोन्ही फाईलींना सारखाच मान दिलाय. तात्या-1, तात्या-2.

12 जानेवारी 2025

तात्यांच्या मुलाचा आक्षेप. तो पुण्याला असतो. बायकोकडून बुटाचं कळलं. "मेलेल्याचा बूट काढला हे लोकांना ऐकवणार? भाऊबंद काय म्हणतील?" फाईल पुसून टाका म्हणाला.

संमतीपत्रावर अंगठा तात्यांचा, तेव्हा निर्णय तात्यांचा. पण उद्या घरात राहायचंय त्यांना, आम्हाला नाही. दोघांना एकत्र बसवलं. मुलगा बोलला, तात्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्या पोराच्या आईला कळाय पायजे हुतं की त्याचा बूट कुणी नेला. तिला सांगाय न्हाई गेलो. तुला तरी सांगून ठेवतो." मुलगा उठून बाहेर गेला. अर्ध्या तासानं आत आला आणि हिशेबाच्या गोष्टी बोलावं तसं विचारलं, प्रत कुणाकुणाला देणार?

ठरलं असं: तात्या आहेत तोवर फाईल बंद. एक प्रत मुलाकडे, एक वाचनालयाच्या कपाटात पाकिटात. नंतर उघडायची की नाही ते मुलगा ठरवेल. हे संमतीपत्रावर हातानं लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. आता नव्या संमतीपत्रात तीन चौकटी आहेत: सगळ्यांसाठी खुली, फक्त घरच्यांसाठी, माझ्या माघारी. बरेच जण तिसऱ्या चौकटीवर बोट ठेवतात. हे पहिल्या दिवसापासून असतं तर पुण्याचे फोन आणि डोकेदुखी वाचली असती.

2 फेब्रुवारी

हिशेब: सुरुवातीच्या खर्चात भर पडली ती पेन ड्राईव्हची. प्रत्येक घराला एक, 280 ला एक. एका घरात टीव्हीला लावून बघितला तर आवाज येईना, कारण फाईलचा प्रकार टीव्हीला चालत नव्हता. आता सगळं एमपीथ्रीत करून देतो, मूळ फाईल हार्ड डिस्कवर. दुसरी हार्ड डिस्क तालुक्याच्या गावी एका मित्राकडे ठेवली, वाचनालयाचं छप्पर गळतं म्हणून. पेट्रोलचा हिशेब पुतण्यानं ठेवलाच नाही आणि मी विचारला नाही.

आबांचं राहिलेलं अर्ध रेकॉर्डिंग पुरं केलं नाही. ते स्वतः विषय काढत नाहीत, मी काढणार नाही. त्यांच्या फाईलला "अपूर्ण" असा शेरा दिला आहे, तो तसाच राहील.

बँकेत भेटलेल्यांपैकी वरच्या वाडीचे एक आजोबा दोन महिने नाही म्हणत होते. गेलं की चहा द्यायचे आणि "ते झालं आता" एवढंच. काल निरोप आला. 1965 ला ते पूंछच्या बाजूला खेचरांच्या तुकडीत होते, दारूगोळा आणि रेशन डोंगरावर चढवायचे आणि उतरताना जखमी आणायचे. बोलायला तयार आहेत. अट एकच: "खेचरांबद्दल बोलेन. माणसांबद्दल इचारायचं न्हाई."

अट मान्य केली. रविवारी सकाळी जातेय. खेचरांची नावं ठेवायचे का, खोगीर कसं कसायचे, घसरणीवर पुढं कोण चालायचं, एवढे प्रश्न वहीत लिहिलेत. खेचरांच्या तुकडीत काम केलेलं कुणी ओळखीत असेल, तर सामानाच्या एकेका भागाला काय म्हणत ते विचारून कळवा. तिथं गेल्यावर बुद्दूसारखं विचारत बसायला नको.